मॉनिटर, पंच आणि पाठराखा : सहाध्यायांनी सहाध्यायांना वळण लावण्याच्या प्रथेचा इतिहास

पेशवाईच्या अखेरच्या काळात आणि इंग्रजी अमलाच्या पहिल्या दशकांत महाराष्ट्रात ज्या खाजगी शाळा चालत त्यांना पंतोजींच्या शाळा म्हणत. त्यांपैकी बहुतेकींत एकच पंतोजी एखाद्या गृहस्थाच्या ओसरीवर किंवा देवळाच्या पडवीत निरनिराळ्या वयांच्या मुलांना एकाच वेळी शिकवीत असे. कोणी धूळपाटीवर मुळाक्षरे गिरवीत असे, कोणी पावकी, निमकी आणि अडीचकीचे पाढे घोकत असे, तर कोणी मोडी वाचनापर्यंत पोचलेला असे. इयत्ता नावाची गोष्ट तेथे नव्हती आणि सर्वांकडे स्वतंत्र लक्ष देणे एका माणसाला शक्य नव्हते. त्यामुळे वरच्या मुलांनी खालच्यांचे हात धरून गिरवून घ्यावे, संध्याकाळी एकाने पाढा सांगावा आणि बाकीच्यांनी तो एका सुरात म्हणावा, ही रीत आपोआप रूढ झाली. र. वि. परुळेकर यांनी १८२० ते १८३० या दशकातील मुंबई इलाख्याच्या देशी शिक्षणाची जी सरकारी कागदपत्रे संपादित केली, त्यांतून या शाळांचे साधेपण आणि त्यांचा विस्तार दोन्ही दिसतात.

या शाळेत वरच्या मुलांकडे शिकवण्याइतकेच वळण लावण्याचेही काम असे. शाळा चुकवून लपून बसलेल्या मुलाला शोधून आणण्यासाठी पंतोजी चार दांडग्या मुलांना पाठवी, आणि ती मुले त्याला हातापायांना धरून, उचलबांगडी करून शाळेत आणून टाकीत. त्यानंतर अंगठे धरून उभे करणे किंवा छडी हे ठरलेले असे. येथे मुले मुलांच्या वर्तनात हस्तक्षेप करीत होती हे खरे, परंतु त्यांचा हात हा पंतोजीचाच लांबवलेला हात होता. पकडून आणलेला मुलगा शाळेला का घाबरतो हे विचारण्याचा अधिकार त्यांना नव्हता आणि तशी अपेक्षाही कोणी केली नव्हती. सहाध्यायांच्या मदतीचा पुढील दोनशे वर्षांचा इतिहास ज्या प्रश्नाभोवती फिरतो तो प्रश्न या साध्या प्रसंगातच आहे. मुलाला मोठ्यांची सत्ता उसनी देऊन आपल्या सोबत्यांवर नेमायचे, की सोबत्यांमधील नात्याचीच काही जबाबदारी मुलांवर सोपवायची, हा तो प्रश्न होय. दोन्ही गोष्टी वरून सारख्या दिसतात आणि अनेकदा एकाच नावाने ओळखल्या जातात, पण त्यांचे परिणाम फार वेगळे झाले आहेत.

दुसऱ्या प्रकाराची एक जुनी नोंद दक्षिणेतच सापडते. पिएत्रो देल्ला वाल्ले हा इटालियन प्रवासी १६२३ मध्ये कर्नाटकातील इक्केरीच्या परिसरात असताना त्याने एका देवळाच्या ओसरीत चार मुले जमिनीवर बारीक वाळू पसरून, तीवर बोटांनी आकडे लिहीत आणि ते सुरात म्हणत शिकत असलेली पाहिली. जवळ गुरू नव्हता. कोणी चुकले किंवा विसरले तर दुरुस्त कोण करतो, असे त्याने विचारले असता, चौघेही एकाच वेळी एकाच जागी चुकणे शक्य नाही, अशा अर्थाचे उत्तर त्या मुलांनी दिले. या उत्तरात परस्परांना सावरण्याची जी कल्पना आहे ती अभ्यासापुरती होती, वर्तनाबद्दलची नव्हती. तरीही एक कायमचा सुधारणारा आणि तीन कायमचे चुकणारे अशी विभागणी त्यात नाही, ही बाब पुढील इतिहास पाहताना ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

वाळूवर लिहिण्याची ही पद्धत १६६ वर्षांनंतर एका स्कॉटिश पाद्र्याच्या नजरेस पडली आणि तिच्यातून एक जगभर गाजलेली व्यवस्था उभी राहिली. अँड्र्यू बेल हा १७८९ मध्ये मद्रासच्या एग्मोर भागातील मुलांच्या अनाथालयाचा अधीक्षक झाला. या अनाथालयात मुख्यतः युरोपीय सैनिकांची हिंदी स्त्रियांपासून झालेली मुले राहत. मातांच्या सहवासामुळे ही मुले खोटे बोलणारी आणि बेशिस्त निपजतात, असे बेलचे मत होते. हे मत त्या काळच्या वंशविषयक तुच्छतेतून आलेले होते हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे, कारण त्यामुळेच बेलच्या प्रयोगात अक्षरज्ञानाइतकाच, किंबहुना अधिक, भर वर्तन घडवण्यावर पडला. परिसरातील मलबारी मुलांची शाळा पाहून त्याने वाळूवर अक्षरे गिरवण्याची पद्धत आपल्याकडे आणण्याचे ठरवले. पगारी साहाय्यकाने ती राबवण्यास नकार दिला, तेव्हा त्याने हे काम जॉन फ्रिस्कन नावाच्या आठ वर्षांच्या विद्यार्थ्याकडे सोपवले. प्रयोग यशस्वी झाल्यावर त्याने सबंध शाळाच मुलांच्या हाती दिली. प्रत्येक वर्गात जोड्या लावल्या जात, जोडीतला एक शिकवणारा आणि दुसरा शिकणारा असे, दोघे शेजारी बसत, आणि शिकणाऱ्याची प्रगती व वागणूक या दोहोंबद्दल शिकवणारा जबाबदार धरला जाई.

बेलच्या व्यवस्थेचा सर्वांत लक्षणीय भाग म्हणजे तिच्यातील न्यायपद्धती. मुलांचे अपराध एका काळ्या वहीत नोंदवले जात, आठवड्यातून एकदा सारी शाळा गोलाकार उभी राही, वहीतील नोंदी वाचल्या जात आणि दोषी कोण व त्याला शिक्षा कोणती हे ठरवण्याचे काम मुलांमधूनच निवडलेल्या पंचांकडे दिले जाई. इंग्लंडच्या न्यायालयांत सामान्य नागरिकांचे जे पंचमंडळ आरोपीच्या दोषादोषाचा निर्णय देते त्याचेच हे शाळकरी रूप होते. ज्या काळात इंग्लंडमधील नामवंत शाळांत वेताची छडी हे शिक्षणाचे नित्याचे साधन मानले जाई, त्या काळात अनाथ मुलांना एकमेकांचा न्याय करण्यास लायक समजणे ही मोठी गोष्ट होती. दुर्दैवाने १७९७ मध्ये लंडनमध्ये बेलचे पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर वाचकांचे लक्ष गेले ते या न्यायपद्धतीकडे नव्हे, तर एकच शिक्षक शेकडो मुले सांभाळू शकतो आणि पगाराचा खर्च वाचतो या हिशेबाकडे. पंचमंडळ मागे पडले आणि मॉनिटर, म्हणजे सोबत्यांना शिकवणारा व त्यांच्यावर देखरेख ठेवणारा विद्यार्थी, पुढे आला.

मॉनिटरची ही आवृत्ती मुख्यतः जोसेफ लँकेस्टरची. लंडनच्या बरो रोडवर १७९८ मध्ये शाळा काढणारा हा तरुण क्वेकर पंथाचा होता, आणि हा पंथ हिंसेला ठाम विरोध करणारा असल्यामुळे लँकेस्टरने छडी वर्ज्य केली. मात्र तिच्या जागी त्याने जे आणले ते कमी क्रूर होते असे म्हणता येत नाही. वर्गात बोलणाऱ्या किंवा आळस करणाऱ्या मुलाच्या हाती मॉनिटर त्याचा अपराध लिहिलेली चिठ्ठी देई आणि मुलाला ती घेऊन मुख्य शिक्षकापुढे जावे लागे. पुन्हा पुन्हा चुकणाऱ्याच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवला जाई, आणि काही वेळा तर मुलाला टोपलीत बसवून छताला टांगले जाई, म्हणजे इतर मुलांनी त्याच्याकडे पाहून हसावे. चांगल्या वागणुकीसाठी बिल्ले आणि बक्षिसांची तिकिटे होती. मार चुकला, पण अपमान आला. आणि त्या अपमानाचे साधन म्हणून वापरले गेले ते वर्गातील सोबतीच. शाळेतल्या मुलांना एकमेकांच्या सुधारणेत गुंतवण्याची कल्पना आणि त्यांना एकमेकांची लाज काढायला लावण्याची क्लृप्ती यांची येथे जी गल्लत झाली ती पुढे फार काळ टिकली.

मुंबई इलाख्यात ही पद्धत दोन वाटांनी आली. १८१५ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटीने युरोपीय आणि मिश्रवंशीय मुलांच्या शाळांत बेलची, म्हणजे मूळ मद्रासचीच, पद्धत स्वीकारली. १८२२ मध्ये मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या आश्रयाने देशी मुलांच्या शिक्षणासाठी जी संस्था उभी राहिली आणि जिला मराठीत हैंदशाळापुस्तक मंडळी म्हणत, तिने लँकेस्टरच्या पद्धतीवर शाळा उभारण्याचे धोरण ठरवले. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस आणि सदाशिव काशिनाथ तथा बापू छत्रे या मंडळींनी त्यासाठी मराठी पाठ्यपुस्तके सिद्ध केली, आणि नव्या पद्धतीत तयार झालेले शिक्षक १८२६ च्या सुमारास जिल्ह्यांत जाऊ लागले. दक्षिण भारतातील रीत मद्रासच्या पाद्र्याने उचलावी, ती लंडनला जाऊन नियमबद्ध व्हावी आणि परत मुंबई-पुण्याला नवी म्हणून यावी, असा हा प्रवास आहे. पंतोजीच्या शाळेतील वडील मुलाला आता मॉनिटर हे पद मिळाले, पण या पदाबरोबर बेलचे पंचमंडळ मात्र आले नाही. इंग्लंडमध्ये १८४६ पासून वेतन घेणाऱ्या शिकाऊ शिक्षकांची योजना सुरू झाली आणि मॉनिटरने शिकवण्याची पद्धत मावळत गेली. महाराष्ट्रातही इयत्तावार वर्ग आणि प्रशिक्षित मास्तर आल्यावर त्याच्याकडील शिकवण्याचे काम गेले. उरली ती केवळ देखरेख. शिक्षक वर्गाबाहेर गेल्यावर गडबड करणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणारा वर्गनायक हा त्या मोठ्या व्यवस्थेचा शेष आहे, आणि त्याच्या हातातील यादी ही पंचांशिवायची काळी वही आहे.

निवासी शाळांत याच काळात आणखी एक वळण रूढ झाले. इंग्लंडमधील रग्बी शाळेचा मुख्याध्यापक टॉमस आर्नल्ड याने १८२८ ते १८४२ या काळात सर्वांत वरच्या वर्गातील मुलांना शाळेच्या शिस्तीचे अधिकृत वाटेकरी केले, आणि त्यांना धाकट्या मुलांना शिक्षा करण्याचा अधिकारही दिला. आर्नल्डचा हेतू नैतिक होता यात शंका नाही, परंतु ज्या मुलाला कालपर्यंत मार बसला त्याच्या हाती आज छडी आली तर तो मागचे उट्टे पुढच्यावर काढतो, हा अनुभव त्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या येत राहिला. हिंदुस्थानात संस्थानिकांच्या मुलांसाठी निघालेल्या राजकोट आणि अजमेर येथील महाविद्यालयांनी हाच नमुना डोळ्यांपुढे ठेवला होता.

या परंपरेपासून मुळातच निराळा विचार पोलंडमध्ये झाला. यानुश कोर्चाक हा वॉर्साचा बालरोगतज्ज्ञ आणि लेखक १९१२ मध्ये क्रोखमाल्ना रस्त्यावर उघडलेल्या ज्यू अनाथ मुलांच्या वसतिगृहाचा प्रमुख झाला, आणि तेथे त्याने मुलांचे न्यायालय स्थापन केले. ज्याच्याविरुद्ध आठवड्याभरात एकही तक्रार नाही अशा मुलांतून चिठ्ठ्या टाकून पाच न्यायाधीश निवडले जात. कोणीही कोणाविरुद्ध तक्रार गुदरू शके. निर्णयासाठी कोर्चाकने स्वतः एक संहिता लिहिली होती, तिची रचना अभ्यासण्यासारखी आहे : पहिली ९९ कलमे क्षमेची किंवा खटला काढून टाकण्याची होती, शंभराव्या कलमात क्षमेची मर्यादा संपे, आणि तेथून शेकड्यांच्या अंतराने निकाल कडक होत जाऊन हजाराव्या कलमात वसतिगृहातून काढून टाकण्यापर्यंत पोचत. म्हणजे मुलांना न्याय देण्याचे काम दिले, पण न्यायाची सुरुवात क्षमेपासून करावी हे त्यांना आधी शिकवले गेले. एखाद्याने वाईट केले तर त्याला कळत नव्हते म्हणून, किंवा त्याला मोह आवरला नाही म्हणून, किंवा दुसऱ्याने चिथावले म्हणून ते घडले असेल, आणि तो पुढे सुधारेल अशी वाट पाहावी, हा त्या संहितेचा आधार होता.

कोर्चाकच्या प्रयोगाचे थोरपण त्याच्या प्रामाणिक नोंदींत आहे. न्यायालयाचा काही मुलांनी खेळ केला, काहींनी सूड उगवण्यासाठी त्याचा उपयोग केला, तेव्हा त्याने ते काही आठवडे बंद ठेवले आणि नंतर सुधारणा करून पुन्हा सुरू केले. सहा महिन्यांच्या अवधीत तो स्वतः पाच वेळा या न्यायालयापुढे उभा राहिला. एका मुलाच्या कानाखाली मारल्याबद्दल आणि एका मुलीवर चोरीचा अन्याय्य संशय घेतल्याबद्दलचे खटले त्यांत होते. लँकेस्टरच्या शाळेतील चिठ्ठी केवळ खालून वर जाई, येथे ती शिक्षकाच्या नावानेही निघू लागली. शिस्त मोठ्यांनाही बांधते असे दिसल्यावाचून मुले ती आपली मानीत नाहीत, ही गोष्ट त्याने ग्रंथातून नव्हे तर आरोपीच्या जागी उभे राहून दाखवून दिली, आणि शिक्षणाच्या इतिहासात इतके धैर्य दाखवणारी माणसे थोडी आहेत.

न्यायालयापेक्षाही नाजूक अशी दुसरी व्यवस्था त्याच वसतिगृहात होती. नव्याने आलेल्या किंवा सतत भांडणाऱ्या मुलाला एक मोठा मुलगा किंवा मुलगी पाठराखा म्हणून दिली जाई. पाठराख्याने त्याला घरातील नियम समजावून द्यावेत, त्याच्या भांडणात मध्यस्थी करावी, न्यायालयात त्याची बाजू मांडावी आणि एका वहीत त्याच्याबद्दल लिहीत जावे, अशी रीत होती. त्या वहीत कधी धाकटा आपली कबुली लिही, कधी कोर्चाक आपला शेरा लिही. बेलच्या काळ्या वहीत अपराधाची नोंद सर्वांपुढे वाचण्यासाठी होत असे, तर ही वही तिघांपुरतीच राही आणि तिच्यात अपराधाबरोबर प्रयत्नाचीही नोंद होई. मुलाने मुलाला सुधारायला मदत करणे या शब्दांचा पुरा अर्थ ज्या मोजक्या ठिकाणी प्रत्यक्षात आला त्यांत या वहीची गणना करावी लागेल. १९४२ च्या जुलैमध्ये, वॉर्साच्या बंदिस्त ज्यू वस्तीत, या मुलांनी रवींद्रनाथ ठाकुरांचे ‘डाकघर’ हे नाटक केले. पुढच्याच महिन्यात नाझींनी त्यांना आणि त्यांची साथ न सोडणाऱ्या कोर्चाकला ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेले.

रवींद्रनाथांनी १९०१ मध्ये शांतिनिकेतनात सुरू केलेल्या शाळेतही शारीरिक शिक्षेला स्थान नव्हते, आणि मुलांचे आपसांतील अपराध मुलांचीच सभा ऐकत असे. तेथे १९१५ च्या मार्चमध्ये गांधीजींच्या सूचनेवरून विद्यार्थी व शिक्षकांनी स्वयंपाक आणि सफाई स्वतः करण्याचा जो प्रयोग झाला, त्या वेळी मूळचे साताऱ्याचे काका कालेलकर शांतिनिकेतनात होते आणि गांधीजींशी त्यांचा संबंध तेथेच जडला. महाराष्ट्रापर्यंत हा धागा अधिक ठळकपणे आला तो वर्ध्याच्या मार्गाने. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीम, म्हणजे हातउद्योगाच्या माध्यमातून शिक्षण देण्याची योजना, पुढे आली. सेवाग्रामची शाळा उभारणारे आर्यनायकम आणि आशादेवी हे दांपत्य शांतिनिकेतनातूनच आले होते. सेवाग्रामात विद्यार्थ्यांची आमसभा भरे, ती आपल्यातून स्वयंपाक, सफाई, आरोग्य अशा कामांचे मंत्री निवडी आणि त्यांच्याकडून कामाचा हिशेब घेई. मंत्री झालेला मुलगा कोणाची नावे टिपून घेत नसे. आपल्या पाळीला न येणाऱ्या मुलामुळे जेवणाला उशीर झाला तर त्याचे उत्तर मंत्र्याला सर्वांपुढे द्यावे लागे, आणि म्हणून त्या मुलाला समजावून कामावर आणण्यावाचून त्याला गत्यंतर नसे. वर्तनाची सुधारणा हा येथे स्वतंत्र विषय उरलाच नाही, ती सामायिक कामाच्या गरजेतून होत गेली.

साताऱ्यात १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी काढलेल्या आणि गांधीजींच्या हस्ते १९२७ मध्ये छत्रपती शाहूंचे नाव मिळालेल्या बोर्डिंगात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राबत आणि एका पंगतीला जेवत. ज्या मुलाच्या घरी शेजारच्या जातीचे पाणी चालत नव्हते त्याचे वर्तन तेथे बदलले ते उपदेशाने कमी आणि शेजारी बसून भाकरी खाणाऱ्या सोबत्यामुळे अधिक. जातिभेद हाही वर्तनाचाच दोष मानायला हवा, आणि तसे मानले तर महाराष्ट्रात सहाध्यायांनी सहाध्यायांत घडवलेला याहून मोठा बदल दाखवणे कठीण आहे. शालेय शिस्तीच्या इतिहासात या बोर्डिंगाचा उल्लेख येत नाही, ही त्या इतिहासाची उणीव होय.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या तीन दशकांत पाश्चात्त्य देशांत हा विचार नव्या नावांनी परतला. न्यूयॉर्कमध्ये क्वेकरांनीच १९७२ मध्ये मुलांना भांडणे अहिंसेने मिटवण्यास शिकवणारा उपक्रम सुरू केला, आणि त्यातून व तशाच इतर प्रयत्नांतून सहाध्यायी-मध्यस्थी, म्हणजे भांडणाऱ्या दोघांमध्ये तिसऱ्या प्रशिक्षित विद्यार्थ्याने कोणाचीही बाजू न घेता बोलणी घडवून आणण्याची पद्धत, अमेरिकेतील शाळांत पसरली. फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्टिना सालमिवाल्ली यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, छळ करणारा आणि छळ सोसणारा एवढीच माणसे त्या प्रसंगात नसतात, तर हसून साथ देणारी, बाजूला उभी राहणारी आणि मधे पडणारी मुलेही त्याचा भाग असतात, हे दाखवले. फिनलंडच्या शाळांतील छळविरोधी कार्यक्रम याच निष्कर्षावर उभा राहिला, आणि त्यात बघ्या मुलांना पाठराखे करण्यावर भर आहे. लँकेस्टरने ज्या बघ्यांना हसण्यासाठी उभे केले होते, त्यांनाच येथे उपाय मानले गेले.

महाराष्ट्रातील शाळांत आज वर्गनायक असतो, अनेक ठिकाणी शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक आणि शपथविधीही होतो. हे मंत्री परिपाठ आणि रांगा सांभाळतात, परंतु एखाद्या मुलाला वर्गात एकटे पाडले जात असेल तर त्याबद्दल बोलण्याची सभा त्यांच्याकडे क्वचितच असते; सेवाग्रामातून मंत्र्याचे नाव घेतले गेले, आमसभा मात्र घेतली गेली नाही. दरम्यान कायदा पुढे गेला आहे. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्क कायद्याचे कलम १७ म्हणते की कोणत्याही बालकाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देता येणार नाही. तो त्रास कोणाच्या हातून, हे पहिल्या पोटकलमात सांगितलेले नाही, त्यामुळे मॉनिटरने मारलेली पट्टी किंवा वर्गाकडून करवलेली हेटाळणीही त्याच्या शब्दांत बसते. दुसरे पोटकलम मात्र भंग करणाऱ्यावर त्याला लागू असलेल्या सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई करावी असे सांगते, आणि सेवानियम विद्यार्थ्याला नसतात. म्हणून या कायद्याखाली जाब द्यावा लागेल तो वर्गनायकाला नव्हे, तर ज्या शिक्षकाने आपली सत्ता त्याच्या हाती दिली त्या शिक्षकाला.